संसर्गरोगांकडे वळणाऱ्या लेकीस

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

मेडिसिन संपवून संसर्गरोगांकडे जायचं आणि शिकवणं-संशोधन यातच राहायचं, असं तू कळवलंस. कोरडा भाग आधी उरकते. रेसिडेन्सीनंतर बहुतेक ठिकाणी आणखी दोन-तीन वर्षं फेलोशिप, म्हणजे या एका शाखेचं पुढचं प्रशिक्षण. मग अनुदानांचे अर्ज, आणि त्यातले बरेचसे नामंजूर. आपल्या शाखेत अँजिओप्लास्टीसारख्या प्रोसिजर नाहीत, त्यामुळे कार्डिऑलॉजीला गेलेल्या मैत्रिणींपेक्षा कमाई कमीच राहील. तेवढं आत्ताच पचवून घे.

खरं काम आहे विचारण्याचं. दुसऱ्या टीमने बोलावलं की केसपेपरवर विसंबायचं नाही, रुग्णाशी पहिल्यापासून बोलायचं. काम काय करता, घरी जनावरं आहेत का, कच्चं दूध पिता का? महिनाभर न हटणाऱ्या तापात दुधाच्या त्या एका उत्तराने ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या जंतुसंसर्गाची, शंका येते. आणि शंका आली की लगेच लॅबला फोन कर. त्या जंतूची लागण कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले जंतू) हाताळणाऱ्यालाही होऊ शकते, तेव्हा त्यांना आधी कळलं पाहिजे. कल्चरची प्लेटही स्वतः जाऊन बघ. रिपोर्टची वाट बघत बसणारे फेलो मला आवडत नाहीत, हा माझा खडूसपणा समज हवं तर.

निम्मा वेळ तर गरज नसलेली अँटिबायोटिक थांबवण्यात जाईल. सर्जन म्हणतील, 'राहू दे, काय बिघडतंय?' तिथे पुरावा लागतो, आणि संशोधन करायचं ते त्यासाठीच. हाडासांध्यांच्या संसर्गाला सहा आठवडे शिरेतूनच अँटिबायोटिक द्यायचं, हे वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं होतं. ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीने ते १,०५४ रुग्णांवर तपासून पाहिलं. २०१९ मध्ये निकाल आला: वर्षभरात उपचार फसण्याचं प्रमाण शिरेतून औषध घेणाऱ्यांत १४.६ टक्के, तोंडावाटे घेणाऱ्यांत १३.२. म्हणजे गोळ्या मागे पडल्या नाहीत. कित्येकांची सुईपासून सुटका झाली, पण ती कोणामुळे, हे त्या रुग्णांना कधी कळणार नाही. तुलाही असंच बिननावाचं काम करावं लागेल. चालेल ना? याचं उत्तर तू मला नको देऊस, स्वतःला दे.

गाइड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या फेलोंशी बोल. पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, आणि मनासारखा निकाल आला नाही तेव्हा तो छापला का, एवढं नक्की विचार.

तुझी,
आई