आंबा घाटाअलीकडच्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. श्रावणात, मलकापूर सोडल्यावर, हिरवी अवजड मोटरसायकल आणि मागे पावसाला वैतागलेली बायको घेऊन दारात उभा राहिला होता, तोच मी.

ती कावासाकी निंजा १००० चार वर्षं माझ्याकडे आहे. १०४३ सीसी, वजन २३८ किलो. सिग्नलला थांबलं की पंख्याची गरम हवा पोटऱ्या भाजून काढते. सोसायटीच्या उतारावर तोंड खाली करून लावली, तर मागे ओढताना कंबरडं मोडतं. पण साताऱ्यापुढे रस्ता मोकळा झाला, पुढची काच हाताने वर सरकवली, की दोन माणसं आणि दोन डबे सामान तिच्या खिजगणतीतही नसतं. १९ लिटरची टाकी संपत येते, अंग आंबत नाही.

मागचा टायर बदलून आणला आणि घरघर सुरू झाली. पुण्यातल्या त्या गॅरेजात दोनदा गेलो. एसी, कॉफी, आणि उत्तर एकच: "सर, मोठ्या गाड्यांना आवाज असतोच." बिल मात्र दोन्ही वेळा नवं. कोल्हापुरात दोघांनी लांबूनच हात जोडले. तुमची पाटी तर ट्रॅक्टर दुरुस्तीची, मी थांबलो ते खरं तर पाऊस चुकवायला.

तुम्ही हात आधी डिझेलने धुतले, मग साबणाने. गाडीला मधला स्टँड नाही, म्हणजे ती पोटाशी कवटाळूनच सरळ धरावी लागणार. हे बघितलंत आणि मनगटातलं स्टीलचं कडं काढून खिशात टाकलंत. एक शब्द न बोलता. रंगाला चरा जाऊ नये म्हणून! चार वर्षांत या गाडीला अंगठ्या-घड्याळांसकट कितीतरी हात लागले. टाकीवरचा लांब ओरखडा त्या कॉफीवाल्या गॅरेजातलाच आहे. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याची आहे, हे न सांगता कळणारी माणसं भेटली की मला जरा भरून येतं. बायको हसते, हसू दे.

या गाडीला बघून सगळे एकच विचारतात, "किती देते?" तुम्ही विचारलंत, "मागं कायम माणूस असतंय काय?" आणि चेनला बोट लावून, "ही कुणी आवळली? कापडं वाळत घालायची हुती काय?"

ट्रॅक्टरच्या पान्याने मागच्या चाकाचा नट सैल झाला. नट फिरू नये म्हणून त्यात घालायच्या कॉटर पिना, पत्र्याच्या डब्यातून चार लावून बघितल्यात, पाचवी बसली. मग आम्हा दोघांना सामानासकट वर बसवलंत आणि स्वतः चिखलात आडवे झालात. वजन पडलं की मागचं चाक वर दबतं, चेन ताणते, तेवढी ढील आधीच ठेवायची. एवढं सोपं! मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. अजून थोडे दिवस तशीच चालवली असती तर बेअरिंग गेलं असतं, नाहीतर चेनच तुटली असती, तीही घाटात.

घेतलेत शंभर रुपये, तेही दोनदा विचारल्यावर.

रत्नागिरीहून परतताना थांबलो, तर शटर खाली. शेतावर गेलात म्हणाले. काजूची पिशवी शेजारच्या चहावाल्याकडे दिली आहे. मिळाली का?