क्वार्टरबॅक सामन्यात पाहा, चाचणीत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर एनएफएल ड्राफ्टची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये कॉलेजचे खेळाडू निवडण्याची, बातमी वाचली. सोलापुरात निघणाऱ्या वर्तमानपत्राने त्या खेळाला एवढी जागा दिली याचा आनंद झाला. पण त्यातल्या दोन गोष्टींवर लिहिल्यावाचून राहवत नाही. ड्राफ्टला ‘अमेरिकेतला आयपीएल लिलाव’ म्हटले आहे, ही पहिली. दुसरी अशी की क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या जागेच्या, उमेदवारांची ओळख करून देताना उंची, वजन, पंजाचे माप आणि चेंडू किती लांब जातो, एवढेच दिले आहे. पहिली चूक किरकोळ आहे. दुसरीच्या मुळाशी मात्र मापांवरून खेळाडू कळतो असा एक समज आहे. त्या समजापायी तिकडच्या संघांचे कोट्यवधी डॉलर पाण्यात गेले आणि आपल्याकडे चांगली मुले-मुली घरी बसली.

माझी सगळी नोकरी जिल्ह्यातल्या शाळांत खो-खो शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मुलीकडे, इंडियानापोलिसला, जाणे-येणे सुरू झाले. त्याच शहरात १९८७ पासून, एक २०२१ सोडले तर, दर वर्षी कम्बाइन भरते. फेब्रुवारीच्या शेवटी देशभरातले तीनशेवर कॉलेज खेळाडू तिथे येतात आणि सगळ्या संघांची माणसे घड्याळे आणि टेप घेऊन त्यांना मोजतात. जावई या खेळाचे वेडे. त्यांच्या शेजारी बसून मी सामने पाहू लागलो आणि निवडीच्या बाबतीत त्या लोकांचे प्रश्न अगदी आपल्यासारखेच आहेत हे दिसले.

आधी लिलावाचे. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि मागच्या हंगामात जो तळाला राहिला त्याचा पहिला हक्क. विजेत्याची पाळी सर्वांत शेवटी. तळाच्या संघाला आधी हक्क देण्याची पद्धत १९३६ पासूनची आहे. शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला यात येता येत नाही, म्हणून बहुतेक मुले कॉलेजचे तीन-चार हंगाम खेळून आलेली असतात. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याकडेच जायचे. २०११ पासून नवख्यांचा पगारही क्रमांकावरून जवळपास ठरूनच येतो. त्यामुळे जास्त पैसा ओतून चांगला क्वार्टरबॅक उचलता येत नाही. तिथे नजरच कामाला येते.

आता क्वार्टरबॅक करतो काय? आक्रमणाची सूत्रे त्याच्या हाती असतात. चाल सुरू झाली की चेंडू आधी त्याच्याकडे येतो आणि समोरचे चार-पाच धिप्पाड गडी त्याला आडवे करायला सुटतात. हाताशी वेळ अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात बचावाची मांडणी ओळखायची, पहिला साथीदार मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, तोही नसेल तर तिसऱ्याकडे पाहायचे, आणि साथीदार वळण्याआधीच तो जिथे पोचणार तिथे चेंडू सोडायचा. खो-खोत समोरचा संरक्षक खांबाकडे जाणार की चौकातून आत शिरणार, हे पाठलाग करणाऱ्याला त्याच्या खांद्यावरून ओळखावे लागते, तसेच हे. ओळखायला अर्धा क्षण उशीर झाला तर पायातला वेग उपयोगाचा नाही.

कम्बाइनमध्ये हे कसे दिसणार? तिथे मुले अर्ध्या चड्डीत ४० यार्ड पळतात, उड्या मारतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तेव्हा अंगावर धावून येणारे कोणी नसते. त्यानंतर कॉलेजच्या मैदानावर ‘प्रो डे’ होतो. तिथे तर तो आपल्या रोजच्या साथीदारांकडे आधीच ठरवून ठेवलेले पास फेकतो. पाहणाऱ्याचे डोळे दिपतात यात नवल नाही.

२००७ साली ओकलंड रेडर्सने जामार्कस रसेलला पहिल्या क्रमांकावर घेतले. सहा फुटांहून बराच उंच, अंगाने भक्कम, आणि गुडघ्यांवर बसून ६० यार्ड चेंडू फेकतो अशी ख्याती. त्याच्या प्रो डेचे तेव्हा केवढे कौतुक झाले होते! पुढच्या तीन हंगामांत त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या २५ सामन्यांतले सात संघाने जिंकले. २०१० मध्ये त्याला सोडून दिले आणि त्यानंतर एनएफएलमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

उलट टॉम ब्रेडी. २००० सालच्या कम्बाइनमध्ये ४० यार्डांना त्याला ५.२८ सेकंद लागले. अंग किडकिडीत. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर घेतले. पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले, हे खेळ न पाहणाऱ्यांनाही ठाऊक असते. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट त्याआधीची. त्याच वर्षी जानेवारीत मिशिगन विद्यापीठाकडून तो ऑरेंज बोल हा कॉलेज संघांचा मोठा सामना खेळला. समोर अलाबामा. त्याचा संघ दोनदा १४ गुणांनी मागे पडला आणि दोन्ही वेळा त्याने पास देत देत बरोबरी साधून दिली. जादा वेळेत मिशिगन ३५-३४ ने जिंकले. हा सामना सगळ्या देशाने पाहिला होता. निवड करणाऱ्यांच्या हाती चित्रफीतही होती. तरी काही आठवड्यांनी झालेल्या कम्बाइनमधल्या त्याच्या शरीराची चर्चा जास्त झाली.

बुद्धी मोजण्याचेही प्रयत्न झाले. वंडरलिक नावाची चाचणी होती, १२ मिनिटांत ५० प्रश्न. २०२२ पासून कम्बाइनने ती बंद केली. मग पडद्यावर झटपट निर्णय तपासणारी एस-टू नावाची चाचणी पुढे आली. २०२३ च्या ड्राफ्टआधी सी. जे. स्ट्राउडचे त्यातले कमी गुण बाहेर फुटले आणि हा मुलगा संथ डोक्याचा आहे अशी कुजबुज सुरू झाली. ह्यूस्टन टेक्सन्सने तिकडे लक्ष न देता त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. ओहायो स्टेटकडून खेळताना दबावातही शांतपणे पास देणारा मुलगा ज्यांनी पाहिला होता, त्यांना त्या गुणांची गरजच काय होती?

मला विचाराल तर मी आधी पाहीन की हा कॉलेजमध्ये किती सामने सुरुवातीपासून खेळला. संघांना निवडीचे हक्क आपसांत बदलता येतात. २०१७ साली शिकागो बेअर्सने दुसऱ्या क्रमांकासाठी आपले जादा हक्क देऊन मिच ट्रुबिस्कीला घेतले. नॉर्थ कॅरोलायनाकडून तो अवघे १३ सामने सुरुवातीपासून खेळला होता. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर टेक्सस टेकचा पॅट्रिक महोम्स होता. त्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध ७३४ यार्डांचे पास दिले आणि तरी त्याचा संघ ६६-५९ असा हरला. संघ हरतो म्हणून मुलगा वाईट, असे कॅन्सस सिटीच्या संघाने मानले नाही. २७ व्या क्रमांकावरून वर येण्यासाठी जादा हक्क देऊन त्यांनी त्याला घेतले. आणि २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी. आयोवा स्टेटमध्ये तो चार हंगाम खेळला होता. उंची बेताची, हातात फार ताकद नाही. पण चार वर्षे दर शनिवारी बचाव वाचत आलेला मुलगा दुसऱ्याच हंगामात संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. त्या चार वर्षांची नोंद कोणालाही पाहता आली असती.

जोश अ‍ॅलनचे उदाहरण मात्र माझ्या म्हणण्याला आडवे येते, ते लपवणार नाही. वायोमिंगमध्ये त्याचे जेमतेम ५६ टक्के पास साथीदाराच्या हाती पोचत. नेम सहसा सुधारत नाही, हा माझाही अनुभव. तरी २०१८ मध्ये बफलो बिल्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले, त्याच्यावर मेहनत घेतली, आणि २०२० मध्ये त्याचे ६९ टक्के पास पोचू लागले. २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू तोच. यातून कोणी म्हणेल की आकडे सोडा, ताकद बघा. मला त्यात प्रशिक्षकांचा वाटा दिसतो, आणि घाई न करणाऱ्या संघाचाही.

संघाकडे तर बातम्या लिहिणारे बघतच नाहीत. ह्यूस्टनचा संघ २००२ साली नव्यानेच लीगमध्ये आला होता. त्यांनी पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कारला घेतले आणि थेट मैदानात उभे केले. पुढे उभे राहून वाचवणारी फळी कच्ची. त्या एका हंगामात तो ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर आपटला गेला. हा लीगचा विक्रम आहे. एवढा मार खाल्लेला मुलगा पुढे तिसऱ्या साथीदाराकडे बघेल की आपल्या बरगड्या वाचवेल? महोम्सला मात्र पहिले वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवले आणि हंगामातला शेवटचा एक सामना खेळू दिला. सॅम डार्नल्ड २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. काही वर्षांत सगळ्यांनी त्याला वाया गेलेला ठरवले, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाकडून खेळताना त्याच डार्नल्डने संघाला १४ सामने जिंकून दिले. तेव्हा ‘निवड चुकली’ असे आपण पटकन म्हणतो त्या कितीतरी वेळा सांभाळणे चुकलेले असते, असे मला ठामपणे वाटते.

हे सोलापूरच्या वाचकांपुढे मांडतो आहे, कारण आपल्याकडच्या निवड चाचण्याही अशाच असतात. एका सकाळी मुलांना मैदानावर बोलवायचे, ३० मीटर पळवायचे, खांबावर सूर मारून घ्यायचे आणि दुपारपर्यंत यादी लावायची. पूर्व भागातली एक मुलगी माझ्याकडे होती. आई घरी विड्या वळायची. पळण्यात ती मध्यमच, पण सामन्यात तिला बाद करता करता समोरच्या संघाचा दम निघे. तीन-तीन मिनिटे ती संरक्षण करी. खो-खोच्या गुणपत्रकात प्रत्येक संरक्षकाची वेळ लिहिलेली असते, तिचीही होती. एका निवड चाचणीत तिला घड्याळावरून वगळले. मी गुणपत्रके पुढे केली, तर ‘सगळ्यांना एकच निकष’ असे उत्तर मिळाले. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. त्या दिवशी तिची नोंद कोणी पाच मिनिटे वाचली असती तर तिला एक संधी मिळाली असती, आणि हे मी आजही विसरू शकत नाही.

आपल्याच जिल्ह्याची किरण नवगिरे पाहा. २०२२ मध्ये नागालँडकडून टी-२० सामन्यात तिने १६२ धावा काढल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. तिथे मैदानावरच्या कामगिरीची दखल घेतली गेली, म्हणून ती पुढे आली.

हा खेळ आपला नाही, मग क्वार्टरबॅकची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन झाले. तिथेच क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली. पाच-पाच जणांचा हा खेळ आहे. अंगावर आदळायचे नाही, कमरेची पट्टी खेचली की गडी थांबला. क्वार्टरबॅक त्यातही आहेच. उद्या जुळे सोलापुरातल्या किंवा नई जिंदगीतल्या एखाद्या शाळेने संघ काढला तर सर पहिल्या दिवशी काय करतील? सगळ्या मुलांना रांगेत उभे करून चेंडू फेकायला लावतील आणि ज्याचा सर्वांत लांब जाईल त्याला क्वार्टरबॅक करतील. माझी विनंती आहे की तसे करू नये. महिनाभर मुलांना खेळू द्यावे, प्रत्येकाला त्या जागेवर उभे करावे, आणि पट्टी खेचायला कोणी अंगावर येत असताना कोणाची नजर वर राहते ते पाहावे.

आपल्यालाही एक विनंती. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टची बातमी द्याल तेव्हा प्रत्येक क्वार्टरबॅकच्या नावापुढे तो कॉलेजमध्ये किती सामने सुरुवातीपासून खेळला, त्याचे शेकडा किती पास पोचले, आणि ज्या संघाकडे चालला आहे तिथे त्याच्या आधी कोण उभा आहे, हे तीन तपशील द्यावेत. ते सहज मिळतात. आणि आपल्या जिल्ह्यातल्या निवडीची यादी छापताना निवड समितीने त्या हंगामातली गुणपत्रके पाहिली होती का, एवढा प्रश्न आपल्या वार्ताहराने विचारावा. मी शिकवलेल्या संघांची गुणपत्रके माझ्याकडे जपून ठेवली आहेत. कोणत्याही समितीला वा नव्या शिक्षकाला ती वाचायची असतील तर मी बसून समजावून द्यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सोलापूर