आमच्या वाइन लिलावाची यादी तपासून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

लिलाव पार पडला, रुग्णांसाठीचा निधी जमा झाला, बाटल्या ज्याच्या त्याच्या घरी सुखरूप पोचल्या. देणगीदारांचे आणि बोली लावणाऱ्यांचे आभार आम्ही त्याच संध्याकाळी मानले. तुमचं नाव व्यासपीठावरून घ्यायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून ते इथेही घेत नाही. पण तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे जाहीर पत्र.

धर्मादाय लिलावाला बाटल्या मिळतात. कुणाच्या वडिलांनी हौसेनं जमवलेल्या असतात, कुणाला भेट आलेल्या असतात. देणाऱ्यानं प्रेमानं दिलेली वस्तू उलटसुलट करून पाहायची म्हटलं की संकोच वाटतो. वर्ष जुनं, लेबल नामवंत, मग यादीत ‘दुर्मीळ’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं, असाच सर्वांचा कल असतो. तुम्ही आलात ते विजेरी, भिंग आणि मोजपट्टी घेऊन. प्रत्येक बाटली उजेडासमोर धरलीत.

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या बाटलीत वाइन मानेपर्यंत आहे की खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली आहे, हे आधी बघायचं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. बुचातून वर्षानुवर्षं थोडी थोडी वाइन उडते आणि तेवढी हवा आत शिरते. त्यामुळे वीस-तीस वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या तळाशी असेल तर ती उत्तम, खांद्याच्या मध्यावर असेल तर धोका. बर्गंडी या दुसऱ्या फ्रेंच भागातल्या बाटलीला तसा स्पष्ट खांदा नसतो, म्हणून तिथे बुचाच्या खाली किती सेंटिमीटर रिकामं आहे ते मोजायचं. बूच वर सरकलेलं दिसलं तर बाटलीनं कधीतरी उष्णता सोसली असावी. झाकणाखाली चिकट ओघळ दिसला तर गळती. हे सगळं तुम्ही एकेका बाटलीसमोर बसून यादीत लिहून घेतलंत, आणि ‘किंचित’, ‘थोडंसं’ असे शब्द आम्ही घातले की शांतपणे खोडून तिथे सेंटिमीटर लिहिलेत.

देणगीदारांना तुम्ही स्वतः फोन केलेत, याचं मला सर्वांत जास्त मोल वाटतं. बाटली कुठून घेतली, पावती आहे का, कुठे ठेवली होती? १२-१३ अंश तापमानाच्या, सुमारे सत्तर टक्के आर्द्रतेच्या काळोख्या तळघरात आडवी पडून राहिलेली बाटली आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात उभी राहिलेली तीच बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो लेबलावर दिसत नाही. काही बाटल्या तुम्ही यादीतून काढायला लावल्यात. कोणाला वाईट वाटेल म्हणून आम्ही घुटमळलो, तेव्हा तुम्ही पोन्सोंची हकिकत सांगितलीत. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात ‘क्लो सँ-दनी’ या बर्गंडी वाइनची, दोमेन पोन्सो या वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या नावाची जुनी व्हिंटेजेस, म्हणजे जुन्या वर्षांच्या बाटल्या, मांडली होती, त्यांत १९४५चंसुद्धा होतं. त्या घराण्याचे लोराँ पोन्सो स्वतः तिथे गेले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या, कारण त्यांच्याकडे ती वाइन १९८०च्या दशकाआधी तयारच होत नव्हती. त्या बाटल्या देणाऱ्या रूडी कुर्नियावानला पुढे २०१४ साली बनावट वाइन विकल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. जिथे जाणकार आणि श्रीमंत ग्राहक जमतात तिथे हे घडू शकतं, तर रुग्णांच्या नावानं पैसे मागताना आपण दुप्पट सावध राहायला हवं, हे तुमचं म्हणणं मला पुरतं पटलं.

बर्गंडीतल्या बोन गावच्या रुग्णालयाचा वाइन लिलाव आमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर होता. १४४३ साली निकोला रोलँ आणि गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी ते उभारलं, त्याला द्राक्षमळे दान मिळत गेले, आणि १८५९पासून तिथली वाइन लिलावात विकली जाते. पण तिथे २२८ लिटरच्या पिंपांतली त्याच वर्षीची कोवळी वाइन असते, रुग्णालयाच्या स्वतःच्या मळ्यांतली, त्यामुळे ती कुठून आली हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक बाटलीनं वेगळ्या घरात आयुष्य काढलेलं. म्हणून आपला लिलाव तिथल्यासारखा नुसत्या नावावर चालणार नाही, हे तुम्ही वेळीच सांगितलंत.

लॉट, म्हणजे एकत्र विकायच्या बाटल्यांचे गट, कसे पाडायचे हेही तुम्हीच ठरवलंत. दीड लिटरच्या मॅग्नम वेगळ्या, कारण त्यांत वाइनच्या मानानं हवा कमी, म्हणून ती सावकाश मुरते. पाऊण लिटरच्या बाटल्यांचे छोटे लॉट आधी, म्हणजे पहिल्यांदाच आलेल्या माणसालाही हात वर करायचं धाडस व्हावं. आणि तसंच झालं. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरलेल्या, तसं स्पष्ट लिहिलेल्या बाटल्यांवरही चुरशीची बोली लागली. लोकांना काय विकत घेतोय ते कळत होतं. लिलावानंतर एकही तक्रार आलेली नाही.

तुमच्या हातची सूचनांची चिठ्ठी आम्ही छापून प्रत्येक लॉटसोबत दिली: प्रवासानंतर बाटली काही आठवडे स्वस्थ पडू द्या, उघडण्याच्या एक-दोन दिवस आधी उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि फार जुनी वाइन तासन्‌तास उघडी ठेवू नका. अनेकांनी त्या चिठ्ठीसाठी वेगळे आभार कळवलेत, ते तुमच्यापर्यंत पोचवते.

ज्यांच्या बाटल्या तुम्ही वगळल्यात त्यांच्यापैकी दोघं लिलावाला आले आणि त्यांनी बोलीही लावली. पुढच्या वेळेसाठी काही घरांतून याद्या यायला लागल्या आहेत, आणि आम्ही न मागताच त्यांसोबत पावत्या व कुठे कशी ठेवली त्याचा तपशील जोडलेला आहे. त्या तुमच्याकडे पाठवते. सवडीनं पाहाल ना?

तुमची ऋणी,
लिलाव समितीची एक कार्यकर्ती