तिकिटं बदल, मग बूट घे

नाशिक,
६ ऑगस्ट

प्रिय सुध्या,

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकचा तुझा बेत मिळाला. वहिनी पण येताहेत हे वाचून आमची ही इतकी खूश झाली की तिने लगेच मेतकूट दळायचं ठरवलं. मेतकुटाचं पुढे सांगतो. आधी तुझ्या त्या कागदाबद्दल.

पहिल्या दिवशी मुंबई-काठमांडू, दुसऱ्या दिवशी विमानाने लुक्ला, जिथून चालणं सुरू होतं, सातव्या दिवशी एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी साताऱ्यात घरचा चहा. मध्ये एकही दिवस मोकळा नाही. अरे, एसटीच्या वेळापत्रकातसुद्धा चहाला दहा मिनिटं असतात! तू अजिंक्यतारा रोज चढतोस, यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन धावतोस, त्यामुळे तुला वाटतंय की लोक उगाच सोळा दिवस लावतात. मलाही २०१६ साली तसंच वाटलं होतं. साल्हेर सकाळी चढून दुपारी जेवायला वाघांब्यात येणारा माणूस मी, मला कोण काय शिकवणार?

तुला मी आजवर एवढंच सांगत आलोय की त्या वर्षी 'हवामानामुळे' बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचेहून परत आलो. ते खोटं आहे. आता तू निघालायस म्हणून खरं लिहितो.

काठमांडूत ढगांमुळे दोन दिवस विमानच उडालं नाही. परतीचं तिकीट पक्कं होतं. गेलेले दोन दिवस कुठून तरी काढायचे म्हणून वाटेतल्या नामचे आणि डिंगबोचेचे जादा मुक्काम आम्ही कापले. डिंगबोचेला पोचलो तेव्हा डोकं जड होतं. आमच्या गाइड दाइंनी (दाइ म्हणजे नेपाळीत दादा) विचारलं, तर म्हटलं, उन्हाचं आहे. लोबुचेला रात्री ताट समोर आलं आणि वासानेच पोटात ढवळलं. दोनदा ओकलो. दाइ पुन्हा विचारायला आले, तर त्यांना म्हटलं, पोट बिघडलंय. पहाटे लघवीला उठलो तर दार कुठे आहे ते समजेना. दाइंनी मला अंगणात आणलं, हेडटॉर्चच्या उजेडात फरशीवरची एक सरळ रेघ दाखवली आणि म्हणाले, टाचेला चवडा लावत चला. तिसऱ्या पावलाला मी भिंतीवर गेलो. दारू प्यायलेला माणूस बरा चालेल. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण होती. अंधारातच त्यांनी मला धरून खाली उतरवायला घेतलं. थुक्लाच्या उतारावर मी दोनदा खाली बसलो आणि दोन्ही वेळा त्यांनी काखेत हात घालून उठवलं. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, तिथे ऑक्सिजन आणि औषध मिळालं. दुपारपर्यंत मी सूप पीत होतो. उतरलो होतो सहा-सातशे मीटर, पण जीव त्यानेच वाचला.

त्या भागात धडधाकट माणसालाच जास्त धोका असतो असं मला वाटतं, कारण पाय दुखत नाहीत म्हणून तो थांबत नाही. उंची लागणं, म्हणजे विरळ हवेने आजारी पडणं, आणि दम असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. हवेत प्राणवायू तिथेही २१ टक्केच आहे, पण बेस कॅम्पच्या ५३६४ मीटरवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, आणि ते दिवस मॅरेथॉन धावून मिळत नाहीत. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. लुक्लाला विमानातून पाऊल टाकतोस तेच २८०० च्या वर.

म्हणून तुझाच कागद पुन्हा मांडतो. पहिली रात्र फाकडिंग, २६१० मीटर. उतरतीच वाट आहे, गप्पा मारत जा. दुसरी नामचे, ३४४०. तिथे दोन रात्री राहायचं. मधल्या दिवशी लोळायचं नाही, तर खुमजुंगपर्यंत चढून जायचं आणि झोपायला पुन्हा खाली नामचेत यायचं. खुमजुंगची शाळा हिलरींनी १९६१ साली उभारली, वहिनी मुख्याध्यापिका आहेत तेव्हा ती चुकवू नका. मग तेंगबोचे, ३८६०. मग डिंगबोचे, ४४१०, आणि तिथेही दोन रात्री. मग लोबुचे ४९०० च्या पुढे आणि गोरकशेप ५१६० च्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून फार उंच नको, हा हिशेब. दिवसा कितीही वर जा, झोपताना खाली ये. परतीच्या बाजूला लुक्लाचे दोन दिवस मोकळे सोड. तिथली विमानं ढग आणि वारा पाहून सकाळीच उडतात, आणि एक दिवस बंद पडली की मागच्यांची रांग वाढत जाते. हे सगळं मिळून सोळा दिवस होतात. रजा मिळत नसेल तर यंदा लांगटांगला जा, तिथे लुक्लाचं विमानच नाही. पण बारा दिवसांत हा ट्रेक नको.

हंगामात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, हे तिकीट काढतानाच विचारून घे. मंथली काठमांडूपासून गाडीने चार-पाच तासांवर आहे. म्हणजे रात्री एक-दोनला उठायचं आणि वळणावळणाच्या रस्त्याने जायचं. वहिनींना गाडी लागते, तेव्हा पुढची सीट आणि आवळासुपारी. विमानात सगळं सामान मिळून माणशी साधारण १५ किलोच.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्याला व्हिसा नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. तुमच्या वयाच्या माणसाला आधार चालत नाही, विमानतळावर रडारड नको. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशपत्र सार्क देशांच्या लोकांना निम्म्या दरात, १५०० नेपाळी रुपयांत मिळतं, कर वेगळा. ते मोंजोच्या नाक्यावर मिळतं. तिथल्या ग्रामपालिकेचं, म्हणजे खुंबू पासांग ल्हामू गाउँपालिकेचं, आणखी एक प्रवेशपत्र लागतं. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर बांधलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांवर विसंबू नकोस. काठमांडूतच नेपाळी पैसे काढून घे, कारण नामचेच्या पुढे एटीएमचा भरवसा नाही. २०२२ ला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्हाला रोज माणशी चार हजार नेपाळी लागले. त्यावर चार दिवसांची रोकड जादा ठेव. लुक्लात अडकलास तर तीच उपयोगी पडते.

विमा काढताना एजंटकडून दोन गोष्टी लेखी घे: ५६०० मीटरपर्यंतचं चालणं त्यात बसतं का, आणि हेलिकॉप्टरचा खर्च मिळतो का. 'ट्रेकिंग कव्हर्ड आहे साहेब' एवढ्यावर फोन ठेवू नकोस. उलट बाजूही सांगतो. साध्या डोकेदुखीला हेलिकॉप्टर बोलवून विमा कंपनीला बिल लावायचे उद्योग तिथे चालत, २०१८ मध्ये नेपाळ सरकारनेच त्याची चौकशी केली होती. चालता येत असेल तर उतरत चालणं हेच पहिलं औषध.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, तू विचारलंस. तुला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा आधी डॉक्टर. सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही सांग. मला डॉक्टरांनी १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ दिली होती, म्हणजे आपल्याकडच्या २५० च्या गोळीची अर्धी. इथेच दोन दिवस घेऊन बघ. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं आणि सोडा पाण्यासारखा बेचव लागतो, त्याला घाबरू नकोस. पण गोळी घेतली म्हणून मुक्काम कापायचा नाही. आणि झोपेची गोळी किंवा 'थंडीसाठी थोडीशी' अजिबात नको.

एक करार मात्र तुम्ही दोघं साताऱ्यातच करा. रोज रात्री जेवताना एकमेकांना विचारायचं: डोकं दुखतंय का, भूक आहे का, ओकारी होतेय का, झोप लागली का? आणि उत्तर खरं द्यायचं. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. वाढत असेल तर उतरायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. ठरवायचा हक्क वहिनींचा. तू खोटं बोलशील, मला माहीत आहे. मी बोललो होतो.

टीहाउस म्हणजे हॉटेल समजू नकोस, आणि तंबूही नाही. फळीच्या भिंतीची खोली, दोन खाटा, एक जाड पांघरूण. शेजारचा माणूस कुशीवर वळला तरी कळतं. ऊब फक्त जेवणाच्या खोलीत, मधल्या बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ. वर गेलं की त्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. पहिल्या संध्याकाळी तो वास नाकात बसतो आणि तिसऱ्या संध्याकाळी आपण त्याच्याच शोधात असतो. खोली स्वस्त असते, कारण जेवणही तिथेच घ्यायचं अशी रीत आहे. झोपायला एकीकडे आणि जेवायला दुसरीकडे गेलास तर टीहाउस चालवणाऱ्या दीदींचा चेहरा पाहवणार नाही. आणि त्यांचं बरोबर आहे. प्रत्येक तांदळाचा दाणा कुणाच्या तरी पाठीवरून किंवा जोप्क्योवरून (याक आणि गाईच्या संकरातलं जनावर) वर आलेला असतो, म्हणून भावही चढाबरोबर चढतो. त्यावर घासाघीस करू नकोस.

खायचं ते डाळभात. पोट भरेपर्यंत पुन्हा वाढतात, आणि सगळ्या घरात तोच रोज शिजतो म्हणून ताजा असतो. नामचेच्या वर मांस खाऊ नकोस. खुंबूत, म्हणजे त्या भागात, बौद्ध श्रद्धेमुळे जनावर मारत नाहीत, मांस खालून उन्हातान्हात वाहून आणलेलं असतं. तीन-चार दिवसांनी जिभेला त्या डाळभाताचा कंटाळा येतो, आणि उंचीवर भूक तशीही मरते. तिथे हिचं मेतकूट कामाला येतं. गरम भात, वर चमचाभर मेतकूट आणि थोडं लोणचं. गेल्या वेळी डिंगबोचेच्या दीदींनी चव घेऊन अर्धी पिशवी ठेवून घेतली. त्यामुळे या वेळी दोन पिशव्या आहेत. लसणाची चटणी वहिनी करतीलच. चिवडा नको, जागा खातो.

पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या विकत घेऊ नकोस. क्लोरीनच्या गोळ्या ने. रात्री धातूच्या बाटलीत उकळतं पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेव. रात्रभर शेक मिळतो आणि सकाळी प्यायला पाणी तयार. मोबाइल आणि पॉवर बँकही स्लीपिंग बॅगमध्येच घेऊन झोप, थंडीने बॅटरी बसते. चार्जिंगचे, वायफायचे, गरम पाण्याच्या अंघोळीचे सगळ्याचे वेगळे पैसे. नामचेनंतर अंघोळ विसर.

कपड्यांत सुती काही नको, घाम वाळत नाही. आतून थर्मल, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारं, आणि संध्याकाळसाठी पिसांचं जॅकेट. ते विकत घेऊ नकोस, काठमांडूच्या थमेल बाजारात भाड्याने मिळतं. पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर कर, आणि आजच घे. या पावसातच अजिंक्यताऱ्यावर ते पायाला बसव. पाठीवर सात-आठ किलो घेऊन लागोपाठ दोन दिवस चढ-उतर कर. लोक वजनासाठी बाटल्या भरून नेतात आणि वर पाणी ओतून देतात. तू ओतू नकोस. गुडघे उतरताना बोलतात, त्यांना आत्ताच बोलू दे. काठ्या दोघांनाही. नाकातोंडावर बांधायला पातळ कापड ठेव, नाहीतर कोरड्या धुळीचा तो खुंबूचा खोकला साताऱ्यापर्यंत सोबत येईल.

तुमच्या दोघांचं मिळून वीस किलोच्या आत पोर्टरला द्या. त्याच्या पायात काय आहे, अंगावर काय आहे, तो कुठे झोपतो, हे पहिल्याच दिवशी बघून घे. वाटेत जनावरं आली की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या नाही. झुलत्या पुलावर त्यांना आधी जाऊ द्यायचं.

आणि हो, बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर काही धड दिसत नाही! ते बघायला काला पत्थर नावाच्या टेकडीवर चढावं लागतं. मी २०२२ ला पहाटे तिथे होतो. तो फोटो तुझ्याकडे आहेच, ज्यात मी कानटोपीत बटाट्यासारखा दिसतोय. त्या दिवशीही वर जाताना सगळे मला मागे टाकून गेले, आणि दाइ मागून म्हणत होते, बिस्तारै, बिस्तारै, म्हणजे हळूहळू.

माझा भाचा शुक्रवारी साताऱ्याला येतोय, त्याच्याबरोबर माझी स्लीपिंग बॅग आणि हेडटॉर्च पाठवतो. वहिनींसाठी आमच्या हिची. दोन्हीला अजून बुखारीचा वास आहे. वहिनी म्हणतील धुऊया, त्यांना धुऊ देऊ नकोस, आतल्या पिसांचे गोळे होतात. तिकिटं बदललीस की फोन कर.

तुझा,
दिल्या