खुले पत्र: एक पेटी पुराना सामान

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या खात्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. गेल्या दीड वर्षात तीन खात्यांनी "हे आमच्याकडे येत नाही" असं सांगून मला घरी पाठवलं, आणि चौथ्याचा पत्ता विचारायची ताकद आता गुडघ्यात उरलेली नाही. आपल्याला मात्र ओळख पटेल. आमच्या मोहल्ल्यातल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर आपण माईक हातात घेतला होता. इंदूरच्या जुन्या टॉकीजांच्या आठवणी जपणारी एक खोली उभी करू, ज्यांच्या घरी काही सामान असेल त्यांनी आणून द्यावं, असं म्हणाला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढच्याच रांगेत होते.

आणून दिलं मी.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर होते. ती टॉकीज पाडून आता तिथे पार्किंग झालंय. नानांची पत्र्याची पेटी आईनं आणि नंतर मी जपली होती. त्यात त्यांचं ऑपरेटरचं लायसन्स, पिवळी पडलेली तिकिटांची दोन बुकं, फिल्म जोडायचं यंत्र, प्रोजेक्टरची एक लेन्स आणि डब्यात ठेवलेले कार्बनचे तुकडे होते. आपल्या कचेरीत ती जमा केली तेव्हा बाबूनं पावती दिली. पावतीवर लिहिलंय, "एक पेटी पुराना सामान". एवढंच. तेव्हाच समजायला हवं होतं.

गेल्या रविवारी मी माळवा मिल भागात एका अटालेवाल्याकडे जुना कूलर विकायला गेले. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, तुमचं भंगार तो आमचा अटाला.) तिथे वजनकाट्याशेजारी नानांची पेटी होती. झाकणावर त्यांनी खिळ्यानं कोरलेली आद्याक्षरं होती, म्हणून चुकायचा प्रश्नच नव्हता. कागद केव्हाच रद्दीत गेलेले. लेन्स उरली होती. "सरकारी लॉट में आया था, आंटी," तो म्हणाला.

शहर स्वच्छ आहे, मान्य. 2017 पासून सलग पहिला नंबर, रोज सकाळी गाडी दारात, ओला वेगळा, सुका वेगळा. फक्त एक विचारते. माझ्या वडिलांचं लायसन्स आपण कोणत्या डब्यात टाकलंत? सहा प्रकारचे डबे आहेत ना आपल्याकडे?

नानांचं काम काय होतं, हे आपल्या बाबूंना ठाऊक नसणार, म्हणून सांगते. मी रोज संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन मागच्या लोखंडी जिन्यानं केबिनमध्ये जायची. आत दोन मशिनं. मशिनच्या पोटात कार्बनच्या दोन काड्या समोरासमोर जळायच्या आणि त्यांच्यातल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर जायचा. काड्या झिजत आल्या की हातानं पुढे सरकवायच्या, नाहीतर चित्र पिवळं पडतं आणि खालून शिट्ट्या येतात. काळ्या काचेतून सतत नजर ठेवावी लागे. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसे. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू, दुसऱ्याला चेंजओव्हर. मधल्या सात-आठ सेकंदांत नाना डबा उघडा टाकून उभे राहायचे, घास तोंडातच. प्रेक्षकाला कळताही कामा नये, हीच त्यांची कामगिरी. अजूनही जुना सिनेमा कुठे लागला की माझा डोळा हिरोकडे न जाता त्या कोपऱ्यात जातो.

उरलेल्या कार्बनवर तांब्याचा मुलामा असायचा. त्या तुकड्यांनी आम्ही पोरं रामबागेतल्या ओट्यावर लंगडीचे चौकोन आखायचो.

आणि तिकीटखिडकी! लेडीज लाईन छोटी, म्हणून नवा सिनेमा लागला की मोहल्ल्यातल्या यच्चयावत दादा-काकांना आम्ही मुली आठवायचो. एकीला चार तिकिटं मिळायची, बक्षीस म्हणून इंटरवलला समोसा. एकदा मी जाळीतून हात आत घातला आणि बांगडी अडकली. मागून रेटा, पुढून क्लार्क ओरडतोय. बांगडी फुटली, मनगट कापलं, पण तिकिटं सोडली नाहीत. तो व्रण अजून आहे. हवा असेल तर तुमच्या खोलीसाठी तोही जमा करीन, पावती नीट लिहून द्या.

या शहराचा पत्ताच टॉकीजच्या नावानं चालतो. रिक्षावाल्याला मधुमिलन म्हटलं की तो चौकात सोडतो. रीगल म्हटलं की गांधीजींच्या पुतळ्यापाशी, जिथे संध्याकाळी राणी सरायच्या झाडांवर पोपटांचा कल्ला असतो. सपना-संगीता हा तर अख्खा रस्ता आहे. अलका, स्टारलिट, यशवंत, मिल्की वे, प्रेमसुख, महाराजा... शेजारच्या वहिनी म्हणतात सतरा टॉकीज होत्या, मी म्हणते वीसच्या वर. खरा आकडा तुमच्या फायलीत असेल, ती फाईलही अटाल्यात गेली नसेल तर.

टॉकीजवाल्यांना सरकारनं किती छळलं, तेही बोलूच. 2017 साली शंभराच्या वरच्या तिकिटावर 28 टक्के जीएसटी. 2019 पासून 18. मधल्या 2018 मध्ये नगरपालिकांचा मनोरंजन कर वेगळा, म्हणून त्या ऑक्टोबरात मध्यप्रदेशातल्या टॉकीजवाल्यांनी पडदे बंद ठेवले होते. 2025च्या सप्टेंबरात मोठी मेहरबानी झाली, शंभरापर्यंतच्या तिकिटाला 5 टक्के. छान. आता ते शंभराचं तिकीट कुठे मिळतं तेवढं सांगा. मॉलमध्ये मी आणि माझी बहीण मराठी सिनेमाला गेलो, रविवारी सकाळी पावणेदहाचा एकच शो. पॉपकॉर्नची बादली तिकिटापेक्षा महाग. पर्समधला चिवडा दारावर काढून ठेवायला लावला. अहो, घरचा चिवडा! नानांच्या टॉकीजमध्ये बायका पोळी-भाजीचा डबा घेऊन बसत आणि गाणं लागलं की लोणचं फिरे.

दरवर्षी 28 सप्टेंबरच्या सुमारास तुम्ही इथे लताबाईंच्या नावाचं अलंकरण, म्हणजे पुरस्कार, देता, 1984 पासून देता. शाल, श्रीफळ, भाषण. लताबाई इथे जन्मल्या, सलीम खान इथले, जॉनी वॉकर इथले, पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन लहानपणी इथे वाढले आणि पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. ही नावं भाषणात किती गोड वाटतात! पण त्यांचा आवाज, त्यांचं तोंड, त्यांची वाक्यं ज्याच्या हातून पडद्यावर गेली, तो माणूस एकतीस वर्षं गरम केबिनमध्ये धूर गिळत होता. शेवटची पाच वर्षं नाना खोकतच होते. त्यांना ना शाल, ना श्रीफळ. मी मागितलीही नव्हती. मागितली होती भिंतीवर एक फळी, तिच्यावर ती पेटी.

या देशात उद्घाटनाला निधी असतो, फळीला नसतो. फीत कापायची कात्री नवी येते. हे तुमचं एकट्याचं नाही, आधीचेही असेच होते आणि त्यांच्या आधीचेही. फरक एवढाच, की त्यांनी माझ्याकडून काही नेलं नव्हतं.

असो. अटालेवाल्यानं लेन्सचे 1,800 मागितलेत. मी 1,200 म्हटलंय. त्यानं ती शनिवारपर्यंत कोणाला द्यायची नाही असं कबूल केलंय, आणि माझ्या अनुभवात त्याचा शब्द तुमच्यापेक्षा पक्का आहे. तो खाली आला नाही तर वरचे 600 सरकारनं द्यावेत. कोणत्या खात्यातून, ते तुम्ही तिघं-चौघं आपसात ठरवा. पावती माझ्याकडे आहे.

आपली,
एका ऑपरेटरची मुलगी
रामबाग, इंदूर