कमी प्लेटलेट, डेंग्यू आणि राहून गेलेली एक तपासणी

मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट असून गेली २२ वर्षे तालुक्याच्या गावी प्रयोगशाळा चालवतो. दर वर्षी श्रावण-भाद्रपदात माझ्याकडे कमी प्लेटलेटचे नमुने रोज येऊ लागतात आणि प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘प्लेटलेट किती आल्या?’ बहुतेकांना खरोखरच डेंग्यू असतो आणि थोड्या दिवसांत आकडा आपोआप सावरतो. ज्यांचा सावरत नाही, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये २३ वर्षांच्या एका मुलीचा नमुना आला. प्लेटलेट ४२ हजार. जांभळ्या झाकणाच्या नळीत कधी कधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र खोटाच कमी आकडा दाखवते, म्हणून मी स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गुठळ्या नव्हत्या; प्लेटलेट खरोखरच विरळ होत्या. डेंग्यूच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, तरीही एका रुग्णालयात डेंग्यूच धरून तिला प्लेटलेट चढवल्या, घरच्यांनी पपईच्या पानांचा रस सुरू केला आणि आकडा ७० हजारांवर जाताच तिला घरी सोडण्यात आले. सांधे सुजतात, केस गळतात, असे ती सांगत होती. तापानंतरचा अशक्तपणा म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. दिवाळीनंतर ती पुन्हा आली तेव्हा पायावर बोट दाबले की खड्डा पडत होता आणि लघवीला फेस येत होता. सी३ आणि सी४ या तपासण्यांसाठी मी तिचा नमुना शहरात पाठवला. निरोगी माणसात सी३ साधारण ९०च्या वर असतो. तिचा ३१ आला, आणि सी४ तर जवळजवळ संपलेलाच होता. तिला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, होता आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता.

सी३ आणि सी४ ही कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या साखळीतली दोन प्रथिने. प्रतिपिंड (अँटिबॉडी) जिथे चिकटतात तिथे ही साखळी जागी होते, जंतूंवर खूण करते आणि त्यांच्या आवरणाला भोके पाडते. ल्युपसमध्ये प्रतिपिंड शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उठतात, त्यांची संयुगे मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, आणि यकृत नवी प्रथिने तयार करते त्याहून वेगाने जुनी तिथे खर्च होऊन जातात. म्हणून आजार भडकला की बहुधा सी३ आणि सी४ उतरतात आणि तो शमला की पुन्हा चढतात.

हीच प्रथिने प्लेटलेटच्या अंगावरही बसतात. अशी खूण झालेल्या प्लेटलेट प्लीहा रक्तातून काढून टाकते, त्यामुळे संख्या घटते. पण उरलेल्यांपैकी काही त्याच माऱ्याने चेततात आणि रक्त गोठायला हातभार लावतात. म्हणूनच ल्युपसमध्ये, आणि विशेषतः रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारे अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत, आकडा कमी असूनही पायाच्या शिरेत किंवा मेंदूत गुठळी होऊ शकते. अशा रुग्णाला केवळ आकड्याकडे बघून प्लेटलेट चढवत राहणे मला फार धोक्याचे वाटते.

युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार, एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धचे प्रतिपिंड शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णात १० गुण भरले की ल्युपस धरला जातो. त्यात कमी प्लेटलेटला ४ गुण आहेत आणि सी३ व सी४ दोन्ही कमी असतील तर आणखी ४. या मुलीचे पहिले ४ गुण ऑगस्टमध्येच कागदावर होते.

माझी विनंती अशी आहे की, पावसाळ्याआधी डेंग्यूविषयी ज्या सूचना निघतात त्यांत एक ओळ वाढवावी: ताप उतरून तीन आठवडे झाल्यावरही ज्याच्या प्लेटलेट एक लाखाच्या खाली आहेत, अशा प्रत्येक रुग्णाची, आणि तरुण स्त्रियांची तर आवर्जून, लघवीतील प्रथिने, एएनए, सी३ आणि सी४ ही तपासणी करावी. तीन आठवडे थांबावे असे मी म्हणतो, कारण तीव्र डेंग्यूतही कॉम्प्लिमेंट खर्च होते आणि ऐन तापातला कमी सी३ फसवू शकतो. मात्र चेहऱ्यावर चट्टे, सुजलेले सांधे किंवा फेसाळ लघवी असेल, तर एक दिवसही थांबू नये. सी३ आणि सी४चे आकडे नॉर्मल आले म्हणजे ल्युपस नाही, असेही डॉक्टरांनी धरू नये.

यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. ज्या स्वयंचलित विश्लेषकांवर रोज क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची तपासणी होते, त्यांपैकी अनेकांवर सी३ आणि सी४ होऊ शकतात. फक्त त्यांचे रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायने, नियमित मिळायला हवेत. त्याबरोबर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा साठा जिल्हा रुग्णालयांत कायम असावा. ल्युपसच्या बहुतेक रुग्णांना हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि २०२० मध्ये कोविडवर चालेल या आशेने ते उचलले गेले तेव्हा या रुग्णांचे किती हाल झाले, ते मी जवळून पाहिले आहे.

ती मुलगी आता औषधांवर आहे. दर तीन महिन्यांनी ती सी३साठी माझ्याकडे येते. नमुना अजूनही शहरातच जातो आणि अहवाल यायला चार दिवस लागतात.

आपला नम्र,
एक पॅथॉलॉजिस्ट