दोष आळसाचा नाही, वहीचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोजनिशी सुरू करणारे पुष्कळ, टिकवणारे थोडे. खापर आळसावर फुटते. दोष बहुतेकदा वहीचा असतो. तारखा छापलेल्या डायरीत चार दिवस हुकले की चार कोरी पाने वाकुल्या दाखवतात आणि पाचव्या दिवशी ती उघडवतच नाही. त्यापेक्षा साधी शंभर पानी वही घ्यावी, तारीख आपल्या हाताने घालावी. खंड पडला तर मागचे भरून काढत बसू नये. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या २०१०च्या अभ्यासात (तो खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या सवयींचा होता) सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

‘सवडीने लिहू’ म्हणजे कधीच नाही. रात्री दात घासले की दहा मिनिटे, अर्धे पान, एवढे पुरे.

‘दिवस चांगला गेला’ हे वाक्य सहा महिन्यांनी काहीही सांगत नाही. कोण काय बोलले ते त्याच शब्दांत लिहावे. निर्णय घेतला तर तो का घेतला, हे निकाल लागण्याआधीच नोंदवावे. एकदा निकाल कळला की ‘मला आधीच वाटले होते’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो. त्याला उत्तर फक्त वहीत सापडते.

दुःखाबद्दल लिहिताना एक लक्षात ठेवावे. जेम्स पेनबेकर व सँड्रा बील यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस १५-१५ मिनिटे लिहिले. आयुष्यातली दुःखद घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे मन लिहून होताच उलट जड झाले. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या घटल्या. म्हणून डोळे भरून आले की लगेच घाबरू नये. सहनच होत नसेल तर मात्र थांबावे. तेच गाऱ्हाणे त्याच शब्दांत तिसऱ्यांदा उतरत असेल तर ते नुसते उगाळणे झाले. तिथे रेघ मारून ‘यातले उद्या माझ्या हातात काय?’ एवढेच लिहावे.

पाण्याने पसरणारी शाई टाळावी, बॉलपेन बरे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या चिकटवू नयेत, त्यांची अक्षरे उडतात. पानांना क्रमांक देऊन शेवटची दोन पाने अनुक्रमणिकेसाठी राखावीत, नाहीतर हवी ती नोंद वेळेवर सापडत नाही.

आणि वही कुलपात असावी. कोणी वाचेल अशी धास्ती असली की माणूस स्वतःसाठी नव्हे, त्या वाचणाऱ्यासाठी लिहू लागतो.

आपला,
एक वाचक